तीनशे वर्षांची राखण : बोस्टन दीपगृह आणि त्याचे रक्षक

बोस्टन आणि आसपासच्या गावांत आता मराठी घरांची दुसरी पिढी वाढते आहे. जिथे आपली मुले जन्मली, शाळेत गेली, त्या शहराचाही इतिहास आपल्या स्मरणिकेत असावा, या इच्छेने हा लेख लिहिला आहे. बोस्टनचा इतिहास म्हटला की चहाच्या पेट्या, बंकर हिल आणि पॉल रिव्हिअर एवढेच पुढे येते. बंदराच्या तोंडाशी खडकाळ बेटावर उभ्या असलेल्या एका संस्थेचे नाव त्यात क्वचितच निघते. अमेरिका नावाचा देश जन्माला येण्याच्या साठ वर्षे आधीपासून ती काम करते आहे. त्या संस्थेचे नाव बोस्टन दीपगृह.

लिटल ब्रूस्टर हे बेट केवढे? भरतीच्या वेळी पाण्याबाहेर उरते ती जमीन जेमतेम दीड एकर. ओहोटीला खडक आणि वाळू उघडी पडली की ते मोठे वाटते. झाड म्हणावे असे फारसे काही नाही. पूर्वेला उघडा अटलांटिक, जवळच शॅग रॉक्स नावाचे जहाजे फोडणारे खडक आणि दक्षिणेला हल गावाची चिंचोळी भूशिरे. बोस्टनकडे येणाऱ्या जहाजाला या बेटांच्या आणि बुडत्या खडकांच्या गर्दीतून वाट काढावी लागे. दिवसा ते जमे. रात्री आणि धुक्यात मात्र किती गलबते फुटली याची मोजदाद नाही.

जॉन जॉर्ज नावाच्या व्यापाऱ्याने १७१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीच्या विधिमंडळाकडे मागणी केली, की बंदराच्या तोंडाशी दिवा हवा. १७१५ मध्ये तसा कायदा झाला आणि १४ सप्टेंबर १७१६ रोजी दिवा पहिल्यांदा पेटला. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधले हे पहिले दीपगृह. खर्चाची सोयही कायद्यातच होती. बंदरात येणाऱ्या आणि बंदरातून जाणाऱ्या जहाजावर टनामागे एक पेनी कर बसवला गेला. ज्याला दिव्याचा उपयोग, त्याने दिव्याचे तेल भरावे, असा हा सरळ व्यापारी हिशोब होता. दिवा राखणाऱ्या माणसाचा हिशोब मात्र तितका सरळ ठेवला गेला नाही.

पहिला रक्षक जॉर्ज वर्दीलेक. याच बेटांच्या परिसरात वाढलेला, पाण्याची खोली-उथळी जाणणारा माणूस. त्याला वर्षाला पन्नास पौंड पगार ठरला. एवढ्यात घर चालेना, म्हणून तो मेंढ्या पाळी आणि येणाऱ्या जहाजांना वाट दाखवून चार पैसे मिळवी. सूर्यास्ताला दिवा लावायचा आणि सूर्योदयापर्यंत तो तेवत ठेवायचा, हे त्याचे काम. १७१७ च्या हिवाळ्यात वादळात त्याच्या एकोणसाठ मेंढ्या वाळूच्या दांड्यावरून समुद्रात वाहून गेल्या. तो दिव्यापाशी होता, म्हणून त्याला त्या वाचवता आल्या नाहीत. नंतर पगार सत्तर पौंड झाला.

त्यानंतर वर्षभरातच ३ नोव्हेंबर १७१८ चा दिवस उजाडला. वर्दीलेक, त्याची पत्नी ॲन आणि मुलगी रूथ बोस्टनहून एका गलबतातून परत येत होते. बेटाजवळ नांगर पडला आणि त्यांना उतरवून आणायला शॅडवेल लहान होडी घेऊन निघाला. शॅडवेल हा वर्दीलेकच्या घरचा आफ्रिकी गुलाम. होडीत ते तिघे, शॅडवेल, नोकर जॉर्ज कटलर आणि जॉन एज नावाचा पाहुणा असे सहा जण होते. होडी उलटली आणि सहाही जण बुडाले. ज्या दिव्याच्या आधाराने परकी जहाजे सुखरूप येत, तो दिवा राखणारे कुटुंब त्याच्या पायथ्याशी, घर डोळ्यांसमोर असताना गेले.

ही बातमी शहरात पसरली तेव्हा एका छापखान्यात बारा वर्षांचा मुलगा आपल्या थोरल्या भावाच्या हाताखाली उमेदवारी करत होता. भावाच्या सांगण्यावरून त्याने या दुर्घटनेवर एक लांबलचक गीत रचले, ते छापले आणि रस्त्यावर फिरून विकले. ते भराभर खपले. पण वडिलांनी त्या कवितेची चांगलीच खिल्ली उडवली आणि मुलाने काव्याचा नाद सोडला. तो मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. आपल्या आत्मचरित्रात त्याने हा प्रसंग सांगितला आहे आणि आपल्या त्या रचनेला फारशी किंमत दिलेली नाही. गीत तर हरवले, पण घटनेची आठवण त्याच्यामुळेच टिकली, हेही खरे.

वर्दीलेकच्या जागी तात्पुरता नेमलेला रॉबर्ट सॉन्डर्सही काही दिवसांतच बुडून मेला. दोन रक्षक पाठोपाठ गेल्यावर ही जागा घ्यायला छातीच लागत असणार. ती जॉन हेज या खलाशाने घेतली आणि पंधरा वर्षे सांभाळली. त्याची पहिली मागणी पगाराची नव्हती. धुक्यात दिवा दिसत नाही, जहाजे हाक देतात, त्यांना उत्तर द्यायला एक मोठी तोफ द्या, असे त्याने मागितले. १७१९ मध्ये तोफ आली. अमेरिकेतला धुक्यातला हा पहिला इशारा. जहाजावरून बार ऐकू आला की बेटावरून उलट बार करायचा. दाट धुके दोन-दोन दिवस हटत नसे तेव्हा ती तोफ भरण्याचे, डागण्याचे आणि पुन्हा भरण्याचे कष्ट किती असतील! संस्थेच्या इतिहासात मला हेजचे स्थान फार वरचे वाटते. नोकरीच्या अटी पाळून तो गप्प बसू शकला असता. पण दिव्याला जे जमत नाही ते आपण केले पाहिजे, असे त्याने धरले आणि तेव्हापासून रक्षकाच्या कामाची व्याख्याच मोठी झाली.

त्याच्यानंतर आलेल्या रॉबर्ट बॉलने १७३३ पासून जवळजवळ चाळीस वर्षे दिवा राखला. १७५१ मध्ये आगीने मनोऱ्याचा लाकडी भाग जळाला. दगड तेवढे उभे राहिले. पुन्हा लाकूडकाम झाले, पुन्हा दिवा लागला. मनोऱ्यावर वीजही कोसळत असे. परंतु वीजनिवारक सळई बसवणे म्हणजे देवाच्या कोपात हात घालणे, असे काही धर्मनिष्ठांना वाटे, अशी जुनी हकीकत आहे. ज्या फ्रँकलिनने ती सळई जगाला दिली, त्याच्याच जन्मगावच्या दीपगृहाची ही गोष्ट. अखेर सळई बसलीच.

स्वातंत्र्ययुद्धात या दिव्याचे दैव फिरले. बोस्टन शहर ब्रिटिश फौजेच्या ताब्यात आणि भोवताली बंडखोर अमेरिकनांचा वेढा. ब्रिटिश आरमाराला बंदरात आणणारा दिवा बंडखोरांना नको होता. जुलै १७७५ मध्ये मेजर जोसेफ वोज याच्या तुकडीने बेटावर उतरून दीपगृहाचा लाकडी भाग पेटवला. ब्रिटिशांनी सुतार आणले, पहाऱ्याला नौसैनिक ठेवले आणि दुरुस्ती सुरू केली. महिना सरायच्या आत, ३१ जुलैला, मेजर बेंजामिन टपर सुमारे तीनशे माणसे घेऊन व्हेलच्या शिकारीच्या होड्यांतून आला. पहारा मोडला, केलेली दुरुस्ती उद्ध्वस्त केली. परतताना ओहोटीमुळे होड्या रुतल्या आणि पाणी चढेपर्यंत त्यांना थांबावे लागले, तरी बहुतेक सगळे निभावून परतले. जनरल वॉशिंग्टनने या तुकडीचे जाहीर आभार मानले. पुढच्या वर्षी, १३ जून १७७६ रोजी, बंदरातून निघून जाताना ब्रिटिशांनी मनोऱ्याखाली सुरुंग लावला. साठ वर्षांचा मनोरा दगडांचा ढीग होऊन पडला.

सात वर्षे दिवा नव्हता. युद्ध संपत आले तेव्हा, १७८३ मध्ये, जॉन हॅनकॉक राज्यपाल असताना नवा मनोरा उभा राहिला. उंची पंचाहत्तर फूट. तळाशी भिंत साडेसात फूट जाड, वर जाता जाता अडीच फुटांपर्यंत निमुळती होत गेलेली. आज आपण पाहतो तो हाच मनोरा. अमेरिकेतला सर्वांत जुना उभा मनोरा न्यू जर्सीत सँडी हूक इथे आहे, १७६४ चा. बोस्टनचे ठिकाण सर्वांत जुने, पण सुरुंगामुळे इमारतीचा मान तिकडे गेला. त्याच १७८३ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयासमोर स्वातंत्र्य मागणाऱ्या क्वॉक वॉकर या गुलामाचा खटला निकालात निघाला आणि या राज्यातली गुलामगिरी कायद्याच्या आधाराला मुकली. शॅडवेलला बुडून तोवर पासष्ट वर्षे झाली होती.

१७९० मध्ये दीपगृह संघराज्याच्या सरकारकडे गेले. नव्या देशाच्या पहिल्या काँग्रेसने केलेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांत दीपगृहांचा कायदा होता, यावरून समुद्रावर पोट असलेल्या त्या देशाला दिव्याची किंमत किती होती ते कळते.

यानंतरच्या अनेक रक्षकांची नोंद नाव आणि सालापुरतीच घेता येईल. थॉमस नॉक्सने १७८३ पासून १८११ पर्यंत दिवा सांभाळला. मग आला जोनाथन ब्रूस. १ जून १८१३ रोजी त्याने आणि त्याच्या पत्नीने अमेरिकेची चेसापीक आणि ब्रिटनची शॅनन या युद्धनौकांची झुंज बेटावरून पाहिली. लढाई पाव तासही चालली नाही आणि अमेरिकेचा पराभव झाला. १८४४ मध्ये आलेला टोबियास कुक मात्र वेगळाच निघाला. त्याने बेटावर चिरूट वळण्याचा कारखाना काढला, बोस्टनहून मुली कामाला आणल्या आणि तो माल परदेशी म्हणून विकू लागला. लवकरच बिंग फुटले आणि कारखाना बंद पडला. संस्थेच्या इतिहासात हेही लिहून ठेवायला हवे. रक्षक हा काही दरवेळी साधुपुरुष नव्हता. एकाकी बेट आणि तुटपुंजा पगार माणसाला अशा वाटेनेही नेत असे.

खरा मोठा बदल १८५९ मध्ये झाला. मनोरा वाढवून एकोणनव्वद फूट केला, आतून विटांचे अस्तर दिले आणि माथ्यावर दुसऱ्या श्रेणीचे फ्रेनेल भिंग बसवले. ऑगस्टीन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलेल्या या रचनेत एका ज्योतीभोवती काचेचे लोलक कडी-कडीने बसवलेले असतात. इथे ते तीनशे छत्तीस आहेत. वर-खाली विखरून वाया जाणारा प्रकाश हे लोलक वळवतात आणि क्षितिजाकडे जाणाऱ्या जाड झोतात बांधतात. एवढ्याशा दिव्याचा उजेड त्यामुळे सत्तावीस सागरी मैलांवर दिसतो. भिंग फिरते ठेवायचे तर घड्याळासारखी यंत्रणा होती. मनोऱ्याच्या पोटात दोरावर लोंबणारे वजन हळूहळू खाली उतरे आणि त्याच्या ओढीने काचेचा तो अवजड पिंजरा फिरे. वजन तळाला गेले की हाताने गुंडाळून पुन्हा वर न्यायचे. रात्रभर, दर काही तासांनी. शहात्तर पायऱ्या आणि वर दोन शिड्या चढून तेल न्यायचे, वात कापायची, काजळी पुसायची. सकाळी पडदे लावायचे, नाहीतर तेच भिंग सूर्याचे किरण एकवटून आग लावील. मग लोलक एकेक करून पुसायचे. हे भिंग आजही तिथेच आहे आणि चालू आहे. दीडशेहून अधिक वर्षे कुणी ना कुणी ते रोज जपून पुसले, म्हणूनच ते टिकले.

शॅग रॉक्सने या काळात आपला वाटा घेतलाच. १८६१ च्या नोव्हेंबरात लिव्हरपूलहून येणारे मॅरिटाना हे जहाज त्या खडकांवर फुटले आणि वीसहून अधिक माणसे मेली. दिवा तेव्हा लागलेलाच होता. दिवा जहाजाला वाट दाखवतो, पण वारा आणि लाटा जहाज ओढून नेऊ लागल्या की त्याचे काही चालत नाही. तिथून पुढचे काम रक्षकाच्या हातांचे आणि वल्ह्यांचे. १८८२ मध्ये फॅनी पाइक हे जहाज त्याच खडकांवर चढले तेव्हा रक्षक थॉमस बेट्स होडी घेऊन गेला आणि सगळ्या खलाशांना सोडवून आणले. बुडणाऱ्यांना वाचवणे हे त्याच्या पगाराच्या कामात धरलेले नव्हते.

धुक्याचे कोडे तोफेनंतरही सुटले नव्हते. मोठी घंटा आली, मग कर्णे आले. पण बेटाच्या पूर्वेला काही मैलांचा एक पट्टा असा होता की तिथे कुठलाच आवाज पोहोचत नसे. खलाशांनी त्याला ‘घोस्ट वॉक’ नाव दिले. १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी बेटावर आले आणि एक राक्षसी कर्णा वापरून त्यांनी प्रयोग केले. ही संस्था तेव्हा नदीपलीकडे केंब्रिजला गेलेली नव्हती, बोस्टनमध्येच होती. त्याआधी दहा-अकरा वर्षे, १८८२ मध्ये, पुण्याचे केशव मल्हार भट याच संस्थेत दाखल झाले होते. ते तिथले पहिले भारतीय विद्यार्थी. आज तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांची वाट त्यांनी घालून दिली. विद्यार्थ्यांचा प्रयोग मात्र फसला. त्या पट्ट्यात आवाज काही शिरला नाही.

या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत तेजस्वी दिवस माझ्या मते ३ फेब्रुवारी १९१८. अमेरिकी नौदलाचे अलॅक्रिटी हे गस्तीचे जहाज बर्फाळ खडकांवर आदळले. रक्षक चार्ल्स जेनिंग्स आणि त्याचे दोन सहायक धावले. बंदुकीने दोर फेकून जहाजाशी जोडण्याचा प्रयत्न त्यांनी पुन्हा पुन्हा केला आणि दर वेळी दोर तुटला. मग त्यांनी बर्फावरून होडी ओढत पाण्यापर्यंत नेली, वल्ही मारत जहाज गाठले आणि चोवीसच्या चोवीस माणसे जिवंत आणली. नौदलाचे मंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी त्यांना गौरवपत्र पाठवले.

बेटावर संसारही होते. १९३० च्या दशकात रक्षक आणि सहायकांची मिळून डझनाहून अधिक मुले तिथे वाढत होती. १९३२ मध्ये एका सहायकाच्या पत्नीला वादळात बाळंतवेणा सुरू झाल्या. डॉक्टर उसळत्या समुद्रातून बेटावर पोहोचले आणि तिथेच मुलगी जन्मली. दुधापासून सरपणापर्यंत प्रत्येक वस्तू होडीतून आणायची, आजारपण आले तर समुद्र शांत व्हायची वाट बघायची, आणि नवरा वर दिव्यापाशी असताना खाली घर, मुले, कोंबड्या सगळे सांभाळायचे. रक्षक आजारी पडला तर दिवा कोण लावत असेल, हे सांगायला नको. २००३ पर्यंतच्या दोनशे ऐंशी वर्षांहून अधिक काळाच्या रक्षकांच्या यादीत तरीही एकाही स्त्रीचे नाव नव्हते. ही त्रुटी केवळ यादीची नाही. त्यांच्या कामाला पगार नव्हता, म्हणून ते काम मानलेच गेले नाही.

१९३९ मध्ये दीपगृह सेवा तटरक्षक दलात विलीन झाली. दुसऱ्या महायुद्धात सुरक्षेसाठी दिवा विझवला होता, तो जुलै १९४५ मध्ये पुन्हा लागला. १९४८ मध्ये वीज आली. तेल आणि वातीचे काम संपले. कुटुंबांच्या जागी जवान आळीपाळीने राहू लागले. १९६४ मध्ये या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

मग देशभर दीपगृहांचे यांत्रिकीकरण सुरू झाले. माणसे काढायची आणि स्वयंचलित दिवे लावायचे. बोस्टनचीही पाळी आली तेव्हा इतिहासप्रेमींनी आवाज उठवला आणि सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये कायदाच झाला, की बोस्टन दीपगृहात कायम माणूस राहील आणि ते लोकांना पाहायला खुले असेल. १६ एप्रिल १९९८ रोजी यंत्रणा स्वयंचलित झाली. असे होणारे हे देशातले शेवटचे दीपगृह. माणूस मात्र राहिला.

२००३ मध्ये डॉ. सॅली स्नोमन रक्षक झाल्या. सत्तरावा रक्षक आणि पहिली स्त्री रक्षक. १९४१ नंतर पहिल्यांदाच हे पद नागरी माणसाकडे आले होते. १९९४ मध्ये त्यांचे लग्न याच बेटावर झाले होते आणि पतीसह त्यांनी दीपगृहाचा इतिहासही लिहिला होता. दिवा आपोआप लागत असताना रक्षकाने करायचे काय? त्यांनी भिंग पुसले, गवत कापले, स्वयंसेवकांची फळी उभी केली आणि अठराव्या शतकातल्या स्त्रीचा पोशाख घालून येणाऱ्या-जाणाऱ्यांना शेकडो वेळा ही कथा सांगितली. हे काम दुय्यम आहे असे मला मुळीच वाटत नाही. ज्यांचे काम इतिहासात लिहिले गेले नाही, त्या बायकांच्या वेशात एक बाई पगारी रक्षक म्हणून बेटावर उभी राहिली, हे फार मोलाचे झाले. इमारती राहण्याजोग्या उरल्या नाहीत, म्हणून २०१८ पासून बेटावरचा रात्रीचा मुक्काम बंद झाला. ३० डिसेंबर २०२३ रोजी स्नोमन निवृत्त झाल्या.

दिवा आजही दर दहा सेकंदांनी झळकतो. हल गावाच्या किनाऱ्यावरून तो रात्री स्पष्ट दिसतो. उन्हाळ्यात बंदरातल्या दीपगृहांच्या फेरीला होड्या निघतात तेव्हा तो जवळून पाहता येतो. पण दिव्यापुरतेच थांबू नका. नॉर्थ एंडमध्ये कॉप्स हिलची जुनी दफनभूमी आहे. तिथे वर्दीलेक कुटुंबाचा एकत्र कोरलेला तिहेरी दगड आहे : जॉर्ज, ॲन आणि रूथ. मुलांना तिथे जरूर घेऊन जा, आणि त्यांना त्या दगडावर नसलेली तीन नावेही सांगा : शॅडवेल, जॉर्ज कटलर आणि जॉन एज.